गोरखचिंच इथली की बाहेरची? डीएनए काय सांगतो आणि कुठे थांबतो

प्रश्न थोडक्यात असा: गावात देवळामागे एक अवाढव्य गोरखचिंच (बाओबाब) आहे. काही जण म्हणतात ती हजार वर्षांची आणि इथलीच, काही म्हणतात पोर्तुगिजांनी आणली. तिचं पान प्रयोगशाळेत दिलं तर डीएनएवरून निकाल लागेल का? आणि एखाद्या वनस्पतीची वस्ती मूळची की आणलेली, हे एरवी डीएनएवरून ठरवतात तरी कसं?

एकट्या पानावरून निकाल लागणार नाही, हे आधीच सांगतो. वनस्पतींच्या रेणवीय अभ्यासात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि लोक हाच प्रश्न घेऊन सर्वांत जास्त येतात. डीएनए नातं सांगतो: तुमच्या झाडाचे जवळचे भाऊबंद कोण, आणि ते किती जवळचे. ‘मूळची’ हे विधान मात्र इतिहासाचं आहे. माणसानं आणण्याआधी ही वस्ती इथे होती का, असा तो प्रश्न. नात्यावरून इतिहासाकडे जाता येतं, पण त्यासाठी दोन गोष्टी हाताशी लागतात. जिथून झाड आलं असण्याची शक्यता आहे त्या सगळ्या प्रदेशांतले नमुने, आणि काळाची खूण असलेला एखादा स्वतंत्र पुरावा. यातलं एक जरी नसलं तरी प्रयोगशाळेतून येणारा सुंदर रंगीत आलेख फसवू शकतो.

आधी एक नेहमीचा गैरसमज दूर करू. पैसे भरून पान दिलं की बऱ्याच प्रयोगशाळा ‘डीएनए बारकोडिंग’ करून देतात. त्यात हरितलवकातले आरबीसीएल, मॅटके असे एक-दोन ठरावीक तुकडे वाचतात आणि जागतिक संग्रहाशी ताडून प्रजातीचं नाव देतात. तुमच्या अहवालात ‘अ‍ॅडनसोनिया डिजिटाटा’ असं लिहून येईल. ते तुम्हाला बुंध्याकडे पाहूनच ठाऊक होतं. हे तुकडे इतके सावकाश बदलतात की एकाच प्रजातीच्या दोन वस्त्यांमध्ये त्यांत बहुधा फरकच सापडत नाही. मूळची की आणलेली हा प्रश्न प्रजातीच्या आतला आहे, त्यामुळे त्याला जास्त वेगानं बदलणारे भाग लागतात.

असे भाग दोन ठिकाणी शोधतात. पहिलं ठिकाण म्हणजे हरितलवकाच्या डीएनएमधले, जनुकांच्या मधले मोकळे पट्टे. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक फक्त आईकडून येतं. म्हणजे ते परागकणांबरोबर प्रवास करत नाही, बीजाबरोबर करतं. बी कुठून कुठे गेलं याचा माग काढायचा तर हा धागा फार उपयोगी. दुसरं ठिकाण केंद्रकातला डीएनए, जो आईबापाकडून मिळून येतो. त्यात दोन-तीन अक्षरं पुन्हापुन्हा येणारे तुकडे असतात, त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. या पुनरावृत्तींची संख्या झाडागणिक बदलते. हल्ली त्याऐवजी जनुकसंचात विखुरलेले हजारो एकाक्षरी फरक वाचतात. पद्धत नवी असो की जुनी, तर्क तोच राहतो.

हा तर्क किती नेमकं काम करू शकतो हे पाहायचं तर उत्तर अमेरिकेतल्या बोरूचं उदाहरण घ्या. फ्रॅग्माइटिस ऑस्ट्रॅलिस हे पाणथळीतलं उंच गवत. विसाव्या शतकात अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाजणांमध्ये ते इतकं माजलं की बाकीच्या वनस्पतींना जागाच उरली नाही. मग वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणे, ही बाहेरून आलेली बला आहे. दुसरा पक्ष म्हणे, बाहेरची कशी असेल? कनेटिकटच्या खाजणातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरांत या गवताची हजारो वर्षांपूर्वीची खोडं मिळतात. नैर्ऋत्येकडच्या कोरड्या गुहांतल्या, नामशेष झालेल्या स्लॉथ या प्राण्याच्या विष्ठेतसुद्धा त्याचे अवशेष आहेत. तेव्हा गवत इथलंच, माणसानं किनारे बिघडवले म्हणून ते माजलं.

क्रिस्टिन सॉल्टनस्टॉल या संशोधिकेनं हा वाद 2002 मध्ये सोडवला. त्यांनी जगभरच्या जिवंत वस्त्यांमधून पानं जमवली, आणि त्यांच्या जोडीला हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, 1910 पूर्वी गोळा केलेल्या नमुन्यांतूनही डीएनए काढला. हरितलवकातले दोन पट्टे वाचल्यावर जगभरात 27 वेगवेगळे प्रकार, म्हणजे हॅप्लोटाइप, दिसले. त्यांतले 11 फक्त उत्तर अमेरिकेतले निघाले. आणि अटलांटिक किनाऱ्यावर आज जो प्रकार सगळीकडे पसरला आहे तो ‘एम’ त्या 11 मधला नाही, तो युरोप-आशियातला आहे. जुन्या नमुन्यांत हा ‘एम’ फार थोड्या ठिकाणी दिसतो. त्या काळी बाकी सगळीकडे तिथले मूळ प्रकार होते. नव्या नमुन्यांत ‘एम’नं त्यांची जागा घेतलेली, न्यू इंग्लंडमधून तर मूळचे प्रकार जवळजवळ पुसलेले.

म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. प्रजाती तिथलीच होती, माजलेली वस्ती तिथली नव्हती. एकाच नावाखाली दोन वंश नांदत होते आणि वरवर पाहणाऱ्याला ते सारखे दिसत होते. डीएनएनं वाट दाखवल्यावर मग डोळ्यांना दिसणारे फरकही नक्की करता आले. मूळच्या गवताचं खोड गुळगुळीत, खालच्या पेरांवर लालसर, आणि पानांचे देठकोष, म्हणजे खोडाला वेढणारे पानांचे तळ, सैल, सहज गळून पडणारे. आलेल्या गवताचं खोड खरखरीत, निस्तेज, आणि कोष घट्ट चिकटलेले. 2004 मध्ये मूळच्या वंशाला ‘अमेरिकानस’ ही स्वतंत्र उपप्रजाती म्हणून नाव मिळालं. दरम्यान 2003 मध्येच एक सोपी चाचणीही आली होती: हरितलवकाचे तेच दोन पट्टे पीसीआरनं, म्हणजे त्यांच्या असंख्य प्रती काढून, वाढवायचे, ठरावीक विकरांनी कापायचे आणि जेलवरच्या पट्ट्या पाहायच्या. डीएनएचं अक्षरन् अक्षर वाचायची गरज नाही. पाणथळीचं व्यवस्थापन करणाऱ्यांना याचा थेट उपयोग झाला, कारण तणनाशक फवारण्यापूर्वी समोरचं गवत कोणतं हे कळणं गरजेचं होतं. नाहीतर आधीच घटत चाललेला मूळचा वंश त्यांच्याच हातून मेला असता.

या यशाचं श्रेय लोक प्रयोगशाळेतल्या यंत्रांना देतात. माझ्या मते ते हर्बेरियमचं आहे. 1910 पूर्वी कुणीतरी चिखलात उतरून गवताचा तुरा कापला, कागदावर चिकटवला, ठिकाण आणि तारीख लिहिली. ते नमुने नसते तर ‘युरोपातला प्रकार आज अमेरिकेत दिसतो’ एवढंच कळलं असतं. तो केव्हा फोफावला आणि त्याच्याआधी त्या जागी कोण होतं, हे कळलं नसतं.

एक मर्यादाही याच उदाहरणात दिसते. हरितलवक आईचंच सांगतं, त्यामुळे दोन वंशांचा संकर झाला तर ही चाचणी त्याला आईच्या गटात टाकून मोकळी होते. हे दोन वंश निसर्गात एकमेकांशी संकर करतात याचे पुरावे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते केंद्रकातल्या खुणा पाहिल्यामुळेच मिळाले. म्हणून कुणी फक्त हरितलवकावरून ‘शुद्ध मूळची वस्ती’ म्हणत असेल, तर केंद्रकाचं काय दिसलं हे जरूर विचारा.

आता गोरखचिंचेकडे येऊ. तिचं गणित बोरूइतकं सरळ नाही.

अ‍ॅडनसोनियाच्या प्रजाती आठ मानल्या जातात. त्यांतल्या सहा फक्त मादागास्करमध्ये, एक ऑस्ट्रेलियात, आणि आपल्याकडे दिसते ती आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची. भारतात ती विखुरलेली आहे: वसई, मुंबई, गुजरातचा किनारा, मांडू, विजापूर, सावनूर, गोवळकोंडा, आग्नेय किनारा. जुनी बंदरं, किल्ले, दर्गे, मठ यांच्या आसपास ती जास्त दिसते. घनदाट रानात, माणसाच्या वावरापासून दूर, तिची स्वतःहून वाढलेली राई आपल्याकडे दिसत नाही. डीएनएच्या आधीचा हा पुरावा महत्त्वाचा आहे आणि तो कुणालाही डोळ्यांनी पाहता येतो. तिच्या फळाचं कवच जाड, ते पाण्यावर तरंगतं, म्हणून ती समुद्रातून वाहत आपोआप आली असेल अशीही एक कल्पना मांडली जाते. तसं झालं असतं तर ती किनाऱ्यावर रुजून तिथून पसरलेली दिसायला हवी होती.

कॅरेन बेल, हरिप्रिया रंगन, ख्रिश्चन कल आणि डॅनियल मर्फी यांनी 2015 मध्ये आफ्रिका, भारत, मॅस्करीन बेटं (मॉरिशस आणि आसपासची) आणि मलेशिया इथल्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केंद्रकातल्या 10 मायक्रोसॅटेलाइट जागा तपासल्या आणि त्यांची सांगड व्यापार आणि स्थलांतराच्या इतिहासाशी घातली. आग्नेय भारत, मॅस्करीन आणि मलेशिया इथली झाडं पश्चिम आफ्रिकेतल्या झाडांच्या गटात पडली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय वसाहतींच्या जाळ्यातून ती आली, असा अर्थ लेखकांनी लावला. पश्चिम आणि मध्य भारतातली झाडं मात्र आफ्रिकेतल्या कुठल्याच गटात बसली नाहीत. त्यांचा वेगळा गट पडला. शिवाय भारतीय झाडांत काही खुणा अशा निघाल्या ज्या तपासलेल्या एकाही आफ्रिकी झाडात नव्हत्या.

इथेच घाई होते. ‘वेगळा गट, स्वतःच्या खुणा, म्हणजे आपली गोरखचिंच मूळची भारतातली,’ असं म्हणायचा मोह होतो. अभ्यासातून तसा निष्कर्ष निघत नाही, आणि का निघत नाही हे समजलं तर निम्मा विषय समजला.

मूठभर बियांतून वाढलेली वस्ती सुरुवातीपासूनच वेगळी दिसते. मूळ प्रदेशात एखादी खूण शंभरात दोन झाडांत असेल. आलेल्या पाच बियांपैकी दोघींत ती योगायोगानं असली, की नव्या वस्तीत तीच खूण सर्रास होते आणि मूळची सर्रास खूण गायब होते. गट पाडणारी संगणकीय प्रणाली खुणांचं प्रमाण पाहते, त्यामुळे तिला ही वस्ती निराळी वाटते. तिला काळ मोजता येत नाही. लाखो वर्षांची फारकत आणि काही शतकांपूर्वीची चार बियांची पुरचुंडी, या दोन्हींमुळे आलेखावर वेगळा रंग उमटू शकतो. म्हणून गटाच्या पुढे जाऊन दोन गोष्टी विचाराव्या लागतात: विविधता किती, आणि सर्वांत जवळचा नातलग कोण. या अभ्यासात भारतातली विविधता आफ्रिकेपेक्षा कमी निघाली आणि वंशवृक्षावर भारतीय झाडं पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासा ते दार-ए-सलाम या किनाऱ्यावरच्या झाडांच्या सर्वांत जवळ आली. एकदाच नव्हे तर अनेकदा, आणि आधी समजत होतो त्यापेक्षा लांब काळात ही झाडं आफ्रिकेतून भारतात येत राहिली, असा लेखकांचा निष्कर्ष आहे.

राहिला भारतीय झाडांतल्या ‘स्वतःच्या’ खुणांचा प्रश्न. गोरखचिंचेला फुलावर यायला वर्षानुवर्षं लागतात. सात-आठशे वर्षांत तिच्या फार पिढ्या होत नाहीत, मग नव्या खुणा तरी किती तयार होणार? मला जास्त संभवनीय वाटतं ते असं की आफ्रिकेतल्या ज्या झाडांचं बी इथे आलं ती झाडं नमुन्यात आलीच नाहीत, किंवा आता उरलीच नाहीत. ‘फक्त इथेच सापडते’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आम्ही जिथे जिथे पाहिलं त्यांत फक्त इथे सापडली’ एवढाच असतो.

या अभ्यासातला एक भाग वाचताना मी थांबलो होतो. मोझांबिकमधला झांबेझी नदीचा प्रदेश आणि टांझानियातलं किल्वा इथली आफ्रिकी झाडं एका गटाची नाहीत, तिथे निरनिराळ्या प्रदेशांची सरमिसळ आहे. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकात आतल्या प्रदेशातून माणसं पकडून गुलाम म्हणून किनाऱ्याकडे नेली जात, त्या वाटचालीची ही खूण असू शकेल असं लेखक म्हणतात. पश्चिम भारताच्या बाबतीतही माणसांचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. अल-मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकात कोकणातल्या चौल बंदरात आला, तेव्हा तिथे अरबी समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांची वस्ती होती. पुढे दख्खनच्या सल्तनतींत हबशी सरदार झाले, मलिक अंबर त्यांतला सर्वांत मोठा, आणि जंजिऱ्यावर सिद्दींची सत्ता राहिली. अमुक झाड अमुक माणसानं लावलं असं यातून सिद्ध होत नाही. पण बी येण्याचे मार्ग पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीपासून उघडे होते, एवढं नक्की.

‘पोर्तुगिजांनी आणली’ या मताला दुसरीकडूनही धक्का बसला आहे. प्रयागराजजवळच्या झुंसीची आणि बाराबंकी जिल्ह्यातल्या किंतूरची अशा दोन जुन्या गोरखचिंचांचं लाकूड रेडिओकार्बन पद्धतीनं, म्हणजे त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढून, तपासलं गेलं आणि निकाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही झाडं सुमारे 800 वर्षांची निघाली. वास्को द गामा कालिकतला पोहोचला 1498 मध्ये. म्हणजे ही झाडं त्याच्या काही शतकं आधीपासून गंगेच्या खोऱ्यात उभी आहेत. तुमच्या गावचं झाड तेवढंच जुनं असेल असं मात्र समजू नका. गोरखचिंचेचा बुंधा बऱ्याचदा अनेक खोडं एकत्र जुळून बनतो, मध्ये पोकळी राहते, म्हणून घेरावरून वय काढणं धोक्याचं आहे. आणि डीएनएवरून तर एका झाडाचं वय कळतच नाही. हजार वर्षांचा दावा तपासायचा असेल तर रेडिओकार्बनला पर्याय नाही.

विविधता कमी म्हणजे आणलेली, हा ठोकताळा सरसकट लावू नका, हेही इथेच सांगून ठेवतो. ऑस्ट्रेलियात 1994 मध्ये सापडलेला वोलेमी पाइन अस्सल तिथला, पण रानात त्याची शंभरही प्रौढ झाडं नाहीत आणि त्यांच्यात जनुकीय फरक जवळपास सापडत नाही. उलट रॅगवीड हे अमेरिकेतलं तण फ्रान्समध्ये गेलं ते अनेक वेळा, अनेक ठिकाणांहून. तिथल्या वस्त्यांमधली विविधता मूळ प्रदेशापेक्षा कमी भरली नाही. आकडा एकटा बोलत नाही.

तुम्ही खरंच हे काम करायचं ठरवलं तर थोडं व्यवहाराचं. एका झाडाऐवजी तालुक्यातल्या, जमल्यास जिल्ह्यातल्या सगळ्या गोरखचिंचांची नोंद करा: ठिकाण, घेर, जवळची वास्तू, गावातल्या वयस्कर माणसांकडून मिळालेली माहिती. पान पावसाळ्याच्या सुरुवातीला घ्या, नुसतं उमललेलं कोवळं. उन्हाळ्यात झाड निष्पर्ण असतं, आणि जून पानात चिकट द्रव्य इतकं असतं की डीएनए काढताना नळीत खळीसारखा गोळा होतो. पान वहीत दाबून आणू नका, प्लास्टिकच्या पिशवीत ओलं तर मुळीच नको. पानाचे लहान तुकडे फाडून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांत टाका, एक-दोन दिवसांत कडक वाळलं पाहिजे. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी, वर पेन्सिलनं क्रमांक. जोडीला एक फांदी दाबून, वाळवून हर्बेरियममध्ये द्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. जुने नमुने पाहायलाही तिथेच जावं लागेल. जुन्या कागदांवर किडीपासून बचाव म्हणून पाऱ्याचं क्षारद्रव्य लावलेलं असतं, हातमोजे घाला. त्यातला डीएनए तुटून लहान तुकड्यांचा झालेला असतो, म्हणून ताज्या पानाच्या प्रयोगशाळेत तो उघडू नका. ताज्या डीएनएचा अंशही त्यात मिसळला तर निकाल वाया जातो.

प्रयोगशाळा निवडताना एकच गोष्ट नीट विचारा: चौपट गुणसूत्रसंच असलेल्या झाडांचं काम त्यांनी केलं आहे का? आफ्रिकी गोरखचिंचेत गुणसूत्रांचे चार संच असतात. एका जागी चार वेगळ्या खुणा दिसू शकतात, आणि दोनच दिसल्या तर त्या किती-किती वेळा आहेत हे सहज कळत नाही. दुहेरी संचासाठी बनवलेल्या आकडेमोडीत ही माहिती तशीच घातली तर उत्तर येतं, पण चुकीचं येतं. शिवाय ज्या मायक्रोसॅटेलाइट जागा आफ्रिकेतल्या अभ्यासांत वापरल्या त्याच वापरा, आणि जमल्यास आफ्रिकेतले काही नमुनेही त्याच यंत्रावर चालवा. नाहीतर तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत आणि सगळी मेहनत स्थानिक यादीपुरती उरते. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा 2002 लागू होतो, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहा. झाड वनखात्याच्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या जागेत असेल तर त्यांचीही परवानगी लागेल.

आणि निकाल ‘आणलेली’ असा आला तर? तुमच्या प्रश्नात ही काळजी मला जाणवली. बोरूच्या बाबतीत आलेला वंश मूळच्याला संपवत होता, म्हणून त्याला हटवणं योग्य होतं. गोरखचिंच इथे शतकानुशतकं आहे आणि तिनं कुठलं रान गिळलेलं नाही. ती तण नाही. रस्त्यासाठी किंवा इमारतीसाठी ती तोडायची असली की ‘परदेशी झाड आहे’ हे कारण पुढे केलं जातं, ते मला मान्य नाही. डीएनएचा अहवाल त्यासाठी वापरला जाणार असेल तर मी नमुना घेण्याआधीच झाडाची वारसावृक्ष म्हणून नोंद करून घेईन. महाराष्ट्रात शहरी भागातल्या 50 किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडांना ते संरक्षण कायद्यानं देता येतं.

माझी खरी चिंता दुसरीकडे आहे, आणि ती बोरूच्या धड्याशी जास्त जवळची आहे. सह्याद्रीत आणि देवरायांत आपण ‘देशी’ झाडांची रोपं हौसेनं लावतो. प्रजाती बरोबर असते. बी कुठल्या राज्यातलं, कुठल्या रोपवाटिकेतलं, किती मातृवृक्षांचं, हे कुणी लिहून ठेवत नाही. शेकडो वर्षं एका डोंगरात टिकलेल्या वस्तीशेजारी लांबून आणलेल्या बियांची झाडं फुलू लागली की दोघांचे पराग मिसळतात, आणि त्यानंतर मूळची वस्ती कशी होती हे कुठल्याही यंत्राला नेमकं वेगळं काढता येत नाही. म्हणून लागवडीच्या आधी जुन्या झाडांची पानं सिलिका जेलमध्ये वाळवून, ठिकाण आणि तारीख लिहून जपून ठेवा, बी त्याच डोंगरातल्या शक्य तितक्या जास्त झाडांचं गोळा करा, आणि कुठलं रोप कुठल्या झाडाचं याची वही गावच्या जैवविविधता समितीकडे ठेवा. पानं वाळवायला खर्च फारसा येत नाही. त्यांतला डीएनए आज वाचला नाही तरी चालेल, नीट कोरडी राहिली तर ती पुढे बरीच वर्षं कामाला येतात.